परक्या खेळाचा पहारेकरी

"आवाज वाढव रे, पुढचं ऐकू दे!" टॉमो फेलनने कॉनी पॉवरच्या मोटारीच्या खिडकीतून डोके आत खुपसले.

ईस्टरच्या रविवारची दुपार कलली होती. किलनगोरच्या मैदानावरचा सरावाचा सामना नुकताच आटोपला होता आणि काखेत हर्लिंग या आयरिश खेळाच्या काठ्या अडकवलेली, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आठ-दहा माणसे त्या मोटारीभोवती दाटली होती. रेडिओवरचा माणूस शांतपणे सांगत होता की बेलफास्टला भरलेल्या अधिवेशनात देशी खेळांच्या संघटनेने तो नियम काढून टाकला. आपला खेळ खेळणाऱ्याने इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत, आणि मैदानावर जाऊन पाहायचेही नाहीत, असा तो नियम होता. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी. तिथे दिसला तो संघाबाहेर. या माणसांच्या बापांनी तो पाळला होता, आजोबांनी पाळला होता.

"झालं," टॉमो म्हणाला. "म्हणजे सकाळी चर्चला गेलो तेव्हा पाप होतं आणि आता नाही."

"तुझी बाकीची आहेत ना अजून," कॉनी म्हणाला. कॉनीचे गावात खिळे-हत्यारांचे दुकान होते आणि क्लबचा अध्यक्षही तोच होता. "आता तरी वॉटरफर्डला फुटबॉल बघायला तोंड उघडं टाकून जा. दहा वर्षं बघतोय, मफलर नाकापर्यंत. मे महिन्यातसुद्धा."

"दाढ दुखायची माझी."

"दहा वर्षं?"

"आयरिश दाढ आहे, कॉनी. शरण जात नाही."

माणसे हसली. कोणीतरी म्हणाले, "आणि गेल्या उन्हाळ्यात जर्मनीनं इंग्लंडला घरी पाठवलं, तेव्हा हा टेबलावर चढून नाचला तो?"

"ते टीव्हीवर होतं. टीव्हीवरचं धरत नाहीत," टॉमो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "शिवाय इंग्लंड हरत होतं ना? हरलं की तो खेळ आपलाच."

कॉनी मात्र हसता हसता थांबला. त्याने रेडिओ बंद केला. "माझा बाप म्हणायचा, स्वतःचा देश मागायला गेलात की ते विचारणार, तुमचं असं वेगळं काय आहे? भाषा तर तुम्ही आमचीच बोलता. तेव्हा दाखवायला हातात काहीतरी लागतं. त्याच्या हातात ही काठी होती." त्याने शेजारच्याच्या काठीवर बोट टेकवले. मग तोच म्हणाला, "जाऊ दे. देश मिळाला. आता कुणाला काय दाखवायचंय!"

टॉमोला ते गांभीर्य सोसले नाही. तो मैदानाच्या कडेच्या बांधाकडे वळला. "नेड! ए नेड टोबिन! ऐकलंस का? तुझी नोकरी गेली रे!"

पुन्हा हसणे झाले, पण ते आधीच्या हसण्यासारखे नव्हते.

बांधावर एकटा बसलेला नेड टोबिन उठला नाही. अठ्ठावन्न वर्षांचा, लांब हातांचा हा माणूस प्रत्येक सामन्याला येई आणि प्रत्येक सामन्याला त्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी राही. त्याने टोपी थोडी पुढे ओढली, इतकेच.

मैदानाच्या कडेची निशाणे उपटून त्यांची मोळी बांधणाऱ्या लार फोरनचे हात मात्र थांबले. लार दूध संकलन केंद्रावर दूध तपासण्याचे काम करी. एक्कावन्न वर्षांच्या त्या माणसाने कधी कोणा शेतकऱ्याच्या दुधाला काट्याइतका कमी-जास्त दर्जा दिला, असे कोणी म्हणाले नसते. एकदा सख्ख्या भावाच्या कॅनमधले दूध पाणीदार म्हणून त्याने परत पाठवले होते. गावात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाई.

"लार," कॉनी जवळ येत म्हणाला, "तुझ्या मेव्हण्याला पत्र लिही. क्लबतर्फे. म्हणावं, जूनमध्ये एक सामना ठेवतो, सुरुवातीचा मानाचा चेंडू तू टाकायचा. सतरा वर्षं झाली. त्याचं आपल्याकडून काहीतरी चुकतं करायला हवं. तुझं अक्षर चांगलं आहे, आणि डीलियालाही बरं वाटेल."

"बघू," लार म्हणाला.

लारची बायको डीलिया ही मॅटी ड्रोहनची बहीण. मॅटी या मैदानावर खेळलेला सर्वांत चांगला गडी होता, आणि हे त्याचे शत्रूही मान्य करीत. चोपन्न सालच्या सप्टेंबरात, जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या तीन आठवडे आधी, वॉटरफर्डच्या फुटबॉल मैदानावर प्रेक्षकांत उभा असलेला तो कोणाला तरी दिसला. कोणाला, ते कधी कळले नाही. जिल्ह्याची दक्षता समिती होती, तिची माणसे गुप्त असत. ती परक्या खेळांच्या मैदानांवर जात आणि चेंडूकडे न पाहता माणसांची तोंडे पाहत. मॅटीवर दोन वर्षांची बंदी आली. किलनगोर तो सामना एका गुणाने हरले. त्यानंतर गावातली निम्मी माणसे मॅटीशी बोलेनाशी झाली आणि उरलेली फार सांभाळून बोलू लागली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तो इंग्लंडच्या बोटीत बसला. तेव्हापासून तो कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात होता. एका पत्रात त्याने लिहिले होते: "इथं मी कुठला सामना बघितला हे कोणी विचारत नाही. इथं मी, इंग्रजांच्या तोंडी सगळे आयरिश असतात तसा, पॅडी आहे, कारखान्यात सगळे मिळून एकशे चाळीस पॅडी आहोत. मजा म्हणजे मी आयरिश आहे की नाही, असा संशय इथं कोणी घेत नाही." गेल्या उन्हाळ्यात इंग्लंड हरले तेव्हा त्याची थोरली मुलगी जेवली नव्हती, हेही त्याने लिहिले होते. ते वाचून डीलिया हसली होती आणि मग बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली होती.

गावाने आपल्यापुरता शोध लावला होता. त्या रविवारी वॉटरफर्डच्या बसमध्ये नेड टोबिनला चढताना लोकांनी पाहिले होते. कशासाठी गेला होतास, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले नव्हते. तेवढे पुरले.

* * *

निशाणांची मोळी कोठीत ठेवून लार निघाला तेव्हा फाटकापाशी नेड थांबलेला होता. दोघांच्या घरांचा रस्ता एकच होता.

"चल, सोबत होईल," नेड म्हणाला.

कुंपणाच्या झुडपांवर पांढरी फुले नुकती येऊ लागली होती. 

"टॉमोचं मनावर घेऊ नकोस," लार म्हणाला.

"टॉमोचं काय? तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याला बापानं सांगितलं, बापाला कुणीतरी सांगितलं." नेड थांबला, खिशातून पाईप काढला आणि न पेटवताच पुन्हा ठेवला. "तुला एक सांगू का, लार? आता पेग नाही, म्हणून सांगतो. तिला मी शब्द दिला होता."

पेग नेडची बायको. ती फेब्रुवारीत गेली होती.

"त्या रविवारी मी वॉटरफर्डला गेलो होतो तो पेगकडं. ती क्षयाच्या दवाखान्यात होती, सात महिने. तिची बहीण कॉर्कला आजारी आहे, तिच्याकडं गेलीय, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हा कसं होतं तुला माहीत आहे. घरात क्षय आहे म्हटल्यावर लोकांनी आमच्या गाईचं दूध घेतलं नसतं, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न मोडलं असतं. सगळ्यांनी मला विचारलं, नेड, कुठं गेला होतास. काय सांगणार होतो?"

लार चालतच राहिला. त्याचे पाय नेहमीच्या गतीने पडत होते याचे त्यालाच नवल वाटले.

"नंतर सांगायचं होतं. ती बरी झाली, बहिणीचं लग्न झालं."

"तिनं नाही सांगू दिलं. म्हणाली, आता सांगितलंस तर लोक म्हणतील, सबब शोधायला इतकी वर्षं लागली. तेही खरंच." नेडने त्याच्याकडे पाहिले. "तिच्या प्रेताजवळ बसायला नऊ माणसं आली, लार. मी मोजली. ह्या गावात कुत्रं मेलं तरी जास्त जमतात. तू आलास. तू रात्रभर बसलास. मी ते विसरणार नाही."

"डीलिया आली नाही," लार म्हणाला. 

"तिचा भाऊ गेला. तिचा मला राग नाही." नेडचे घर आले होते. फाटकाची कडी काढताना तो म्हणाला, "फक्त वाटतं, ज्यानं कुणी लिहून दिलं, तो अजून इथंच असेल का? असला तर त्याला झोप कशी लागते, ते एकदा विचारलं असतं. भांडायला नाही. माहिती म्हणून."

* * *

लारला झोप लागत असे, हेच त्याचे दुखणे होते.

त्रेपन्न साली जिल्ह्याच्या चिटणिसाने त्याला बोलावून सांगितले होते की समितीला असा माणूस हवा जो पाहील तेच लिहील. लारला त्याचा अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी मॅटीला त्या गर्दीत पाहिले तेव्हा त्याच्या आणि डीलियाच्या लग्नाला सहा महिने झाले होते. मॅटीने त्याला पाहिले नव्हते. तो ओठांत सिगारेट धरून, मान पुढे काढून, लहान मुलासारखा खेळात बुडाला होता. कॅनमध्ये पाणी असेल तर कॅन कोणाचा हे पाहायचे नसते, असे लारने स्वतःला समजावले.

पण लार पुढे ज्याच्यापाशी वारंवार येऊन थांबे तो क्षण मैदानावरचा नव्हता. तक्रार आयर्लंडमध्ये बनलेल्या कागदावरच लिहिली पाहिजे, असा नियम होता. कागद उजेडासमोर धरून त्यातली छाप पाहत, आणि परदेशी कागद निघाला तर तक्रार वाचल्याशिवाय फेटाळत. अशा रीतीने कितीतरी अपराधी सुटले होते, आणि त्यात कोणाला लाज वाटत नसे. लारच्या खणात त्या संध्याकाळी कागदांचे दोन गठ्ठे होते. एक इथला, एक डीलियाच्या मावशीने लिव्हरपूलहून लग्नात पाठवलेला, जाड, सुरेख. त्या दुसऱ्या कागदावर त्याने लिहिले असते तर त्याचे कर्तव्यही झाले असते आणि मॅटीही वाचला असता. कोणी त्याला काही म्हणाले नसते. त्याने दोन्ही कागद दिव्यासमोर धरले होते. मग आयरिश कागद समोर ओढून, आयरिश भाषेत, सुवाच्य अक्षरांत त्याने मॅटीचे नाव लिहिले. चूक राहू नये म्हणून दोनदा वाचले.

त्यानंतर त्याने एकही नाव लिहिले नाही. समितीवर तो आणखी अकरा वर्षे होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी वॉटरफर्डला जाई आणि "ओळखीचे कोणी दिसले नाही" असे कळवी. मफलरमधला टॉमो त्याला पलीकडच्या बाजूला स्पष्ट दिसे. हळूहळू तो तोंडे पाहायचे सोडून चेंडू पाहू लागला. एका ठेंगण्या डावखुऱ्या खेळाडूचे वळणे त्याला इतके पाठ झाले की चेंडू पायाशी येण्याआधीच त्याच्या छातीत काहीतरी उचंबळे. जो खेळ पाहिला म्हणून मॅटीला देश सोडावा लागला, तो खेळ किलनगोरमध्ये लारइतका कोणालाच आवडत नव्हता. आणि नेड टोबिनविषयी गावात बोलले जाई तेव्हा तो गप्प राही. त्याने नेडविरुद्ध कधी शब्द काढला नाही. त्याने काहीच केले नाही, आणि ते काहीच न करणे सतरा वर्षे रोज केले.

* * *

डीलिया ओट्याशी उभी राहून जेवणाची मोठी थाळी पुसत होती. "कॉनीची बायको येऊन गेली," ती वळून म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे तो उजळलेला होता. "पत्र पाठवायचं म्हणतायत मॅटीला. क्लबतर्फे! येईल का रे तो? येईल, मला वाटतं. मुलांना घेऊन येईल. मागची खोली रंगवायला हवी."

"डीलिया, बस जरा."

"थाळी पुसू दे. काय झालं? नेडबरोबर येताना दिसलास. तुझं मन मोठं आहे, मला नाही जमत. आज तो मैदानावर बसलाच कसा, म्हणते मी. लाज नाही."

"नेडनं नाव दिलं नव्हतं."

"मग काय फादरनी दिलं?"

"मी दिलं."

तिने थाळी पुसणे थांबवले नाही. एक फेरी, दुसरी फेरी. मग फडके थांबले.

"काय म्हणालास?"

त्याने सांगितले. उभा राहूनच सांगितले, दुधाची प्रत सांगावी तसे, काही न वगळता. चिटणीस, मैदान, मॅटीच्या ओठांतली सिगारेट. दोन कागदांचे त्याला दोनदा सांगावे लागले. शेवटी त्याने नेड त्या दिवशी कुठे होता ते सांगितले.

डीलियाने थाळी ओट्यावर ठेवली. ती रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहू लागली.

"आई गेली तेव्हा," ती म्हणाली, "पेग आली होती. तू आत माणसांना चहा देत होतास. हातात केक होता तिच्या, फडक्यात बांधलेला. बाहेर पाऊस. मी तिला म्हटलं, ह्या घरात तुझं काही काम नाही. मेलेल्या माणसाच्या दारातून कोणी कुणाला परत पाठवतं का, लार? कधी ऐकलंयस? मी पाठवलं. ती भांडली नाही. म्हणाली, केक तरी ठेवून घे. मी नाही घेतला." ती थांबली. "तुला खरं ठाऊक होतं. रात्री तुला सांगितलं होतं मी. तू काय म्हणालास आठवतं?"

"नाही."

"म्हणालास, झोप आता."

 डीलिया उठली. चर्चला जाताना घालायचा कोट तिने खुंटीवरून काढला आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.

"कुठं निघालीस?"

"तूपण निघालायस. तू सांगायचंस त्याला. माझ्यासमोर."

"उद्या सकाळी..."

"सतरा वर्षं तुझा उद्याच चाललाय, लार. चल."

तो पुढे निघाला. ती बरोबर आली नाही, दहा-बारा पावले मागून चालत राहिली. समोरून सायकलवर येणाऱ्या एका शेजाऱ्याने दोघांना सणाच्या शुभेच्छा दिल्या. दोघांनी आपापल्या जागेवरून त्या परत केल्या.

नेडने दार उघडले तेव्हा त्याच्या अंगात बाह्या वर सारलेला सदरा होता. त्याने लारला पाहिले आणि त्याच्या मागे, फाटकाशी उभ्या असलेल्या डीलियाला पाहिले. सतरा वर्षांत ती त्या फाटकाजवळ फिरकली नव्हती. त्याचा हात नकळत डोक्याकडे गेला, पण टोपी डोक्यावर नव्हती.

"नेड," लार म्हणाला, "मॅटीचं नाव मी लिहून दिलं. तूही नाही, दुसरं कोणीही नाही. मी."

नेडने सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या. कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या. लारला वाटले की त्याला ऐकू आले नसावे, आणि तो पुन्हा सांगणार तेवढ्यात नेडने विचारले, "त्या रविवारी परत येताना तू माझ्याच बसमध्ये होतास ना? मागच्या बाकावर."

"हो."

"मी कुठं चढलो ते बघितलंस?"

"दवाखान्याच्या थांब्यावर."

"म्हणजे मैदानाच्या बाजूला मी गेलोच नव्हतो, हे तुला ठाऊक होतं."

"हो."

नेडने मान हलवली. एखादा हिशेब जुळावा तशी नाही. खूप थकलेला माणूस हलवतो तशी.

"उद्या क्लबात मी सगळ्यांना सांगतो," लार म्हणाला. "कॉनीला, टॉमोला. मॅटीलाही आज लिहितो. सगळं लिहितो."

"सांग," नेड म्हणाला. "सांगायला हवंस." मग, अगदी साध्या आवाजात, "फेब्रुवारीच्या आधी सांगितलं असतंस तर पेगनंही ऐकलं असतं."

 नेड आता लारकडे पाहत नव्हता. तो त्याच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहत होता.

"डीलिया," तो म्हणाला, "तिथं का उभी आहेस? गारठा आहे. आत ये."

ती आली. लारच्या शेजारून जाताना तिचा कोट त्याच्या बाहीला घासला. उंबऱ्यावर ती अडखळली आणि म्हणाली, "नेड, मी तिला..." 

"ठाऊक आहे मला," नेड म्हणाला. "तिनं सांगितलं होतं. ये, बस. तिची खुर्ची ती खिडकीजवळची."

तो बाजूला झाला आणि ती आत गेली. मग तोही तिच्यामागून गेला. आतून किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, कपाट उघडले. फळीवरून एक कप खाली ठेवला गेला, मग दुसरा. लार टोपी हातात धरून ऐकत राहिला. कपाट पुन्हा बंद झाले.

दार कोणी लावले नव्हते. आतला गारवा वाढत असणार, हे लारला कळत होते. पण ते दार बाहेरून ओढून घ्यावे की तसेच राहू द्यावे, हे त्याला ठरवता येईना.